माशांच्या खाद्यात सूक्ष्म शेवाळ: खरंच पुढचा जमाना, की टाक्या विकायचा धंदा?

उमरेड_तळेवाला | सोमवार, रात्री ९:१२

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे. उमरेडच्या अलीकडे आमचं एकराचं तळं आहे. रोहू, कटला, मृगल, वरून थोडे सायप्रिनस (कॉमन कार्प). खाद्य म्हणजे कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप. हातात पैसा असला की तरंगतं गोळीखाद्य. परवा एक जण गाडी घेऊन आला. म्हणे, फिशमीलचे, म्हणजे मासळीच्या भुकटीचे, दिवस भरले, जगातलं सगळं मत्स्यखाद्य आता सूक्ष्म शेवाळावर जाणार, तुम्ही आत्ताच बांधाशेजारी स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या टाक्या बांधून घ्या. थोडं तुमच्या माशांना घाला, उरलेलं आम्ही उचलू. माहितीपत्रकावर नॉर्वेच्या सॅमनचा फोटो, आत नासाचा उल्लेख आणि खाली कर्जाची सोय.

यातलं खरं किती आणि पत्रकापुरतं किती, ते समजेना. धाकटा भाऊ एकदम तयार होऊन बसलाय, म्हणून घाईनं विचारतोय.

कळमना_रोड | सोमवार, रात्री ९:३०

आम्ही उचलू, हे कागदावर लिहून देऊन राह्यला का थो? भाव काय, ओलावा किती टक्के चालन, माल नापास झाला तर कोनाच्या डोक्यावर, हे सारं? सफेद मुसळीच्या वक्ती असंच झालं, इमूच्या वक्तीही असंच. टाक्या विकनारा पैसे घेऊन जाते, उचलनारा मंग फोनच उचलत नाही. भावाले म्हना थांब जरा.

तेलंगखेडी_तलाव | सोमवार, रात्री १०:०५

मी मत्स्यशास्त्र शिकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्या माणसाचं बोलणं निम्मं खरं आहे. आणि ते निम्मं नीट समजून घेतलं, तर टाक्या बांधायचं कारणच उरत नाही.

मासे खाल्ल्यानं ओमेगा-३ मिळतं असं आपण म्हणतो, म्हणजे ईपीए आणि डीएचए ही दोन स्निग्धाम्लं. समुद्रातला मासा ते स्वतः जवळजवळ बनवतच नाही. बनवतं ते सूक्ष्म शेवाळ. ते शेवाळ खातात प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, त्यांना खातात बारीक मासे, त्यांना मोठे. पिंजऱ्यात वाढवलेल्या सॅमनला ही साखळी मिळत नाही, म्हणून त्याच्या गोळीत मासळीचं तेल घालावं लागतं. त्या तेलाचा मोठा वाटा पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्हेटा नावाच्या बारीक माशातून येतो. २०२३ मध्ये एल निनोनं तिथला समुद्र तापला, जाळ्यात कोवळी पिल्लंच जास्त यायला लागली आणि पेरू सरकारनं वर्षाचा पहिला हंगाम रद्द केला. तेलाचे भाव कडाडले. सगळा धंदा एका देशाच्या एका माशावर टांगलेला आहे, हे तेव्हा खाद्य कंपन्यांना चांगलंच जाणवलं. म्हणून शेवाळाच्या तेलाकडे ओढा. मधले मासे वगळायचे आणि तेल थेट मुळातून घ्यायचं.

आता पत्रकवाला काय सांगत नाही ते बघा. हे तेल देणारं मुख्य शेवाळ आहे शायझोकायट्रियम. त्याला ऊन लागत नाही. ते बंद पोलादी टाक्यांत, अंधारात, साखरेवर वाढतं. अमेरिकेतल्या नेब्रास्कात ब्लेअर गावी डीएसएम आणि इव्होनिक या कंपन्यांनी मिळून २० कोटी डॉलर घालून कारखाना काढला, २०१९ मध्ये तो सुरू झाला. तिथे मक्याची साखर वापरतात. ब्राझीलमध्ये कॉर्बियन कंपनी उसाच्या साखरेवर तेच करते. हे काम मद्यार्काच्या कारखान्याच्या जातीचं आहे, बांधावर होणारं नाही.

आणि स्पिरुलिनात ईपीए-डीएचए नावापुरतंही नसतं. त्यात असतात प्रथिनं, वाळल्यावर ५५ ते ७० टक्के. चांगली वस्तू आहे, पण पत्रकावरच्या सॅमनचा आणि तुमच्या टाक्यांचा काही संबंध नाही.

बर्गनकर | सोमवार, रात्री १०:४१

मूळचा धरमपेठेचा, सध्या मुक्काम नॉर्वे. काम सॅमनच्या धंद्यात नाही, पण इथे राहून त्याबद्दल ऐकल्यावाचून सुटका नाही. १९९० च्या सुमारास इथल्या सॅमनच्या खाद्यात ९० टक्के माल समुद्रातला होता, फिशमील आणि तेल मिळून. २०२० मध्ये तो २२ टक्क्यांवर आला. बाकी सोया, गहू, मोहरीच्या जातीचं तेल. आणि कीटक, सूक्ष्म शेवाळ, आंबवलेली प्रथिनं असं सगळं नवीन मिळून किती? ०.४ टक्के. इतका गाजावाजा होऊन अर्धा टक्काही नाही.

पण म्हणून ते फोल आहे असं मी म्हणणार नाही. वनस्पती तेल घालत गेल्यावर सॅमनमधलं ओमेगा-३ घटलं. स्कॉटलंडच्या सॅमनचं मोजमाप झालंय, २००६ ते २०१५ या काळात ईपीए-डीएचए निम्म्यावर आलं. लोक सॅमन खातात तेच ओमेगासाठी. तेव्हा भरून काढायचं तर शेवाळाचं तेलच हाताशी आहे. एक टन तेल म्हणजे ६० टन समुद्रातल्या माशांएवढं ईपीए-डीएचए, असा ब्लेअरच्या कारखान्याचा दावा आहे. दावा कंपनीचा आहे, जरा जपूनच घ्या. पण तेलात निम्म्याहून जास्त ईपीए-डीएचए असतं हे खरं. चिमूटभरानं काम होतं, हीच त्याची ताकद.

उमरेड_तळेवाला | सोमवार, रात्री ११:०२

म्हणजे चिमूटभर तेल नॉर्वेला, आणि मला पोतंभर स्पिरुलिना? भाऊ म्हणतो प्रथिनं तर आहेत ना, ढेप महाग झालीय, तेवढं तरी सुटेल.

तेलंगखेडी_तलाव | मंगळवार, सकाळी ७:५०

हिशेबच करू. तुम्हाला किती चौरस मीटर टाक्या सांगितल्यात माहीत नाही, १०० धरतो. उघड्या टाकीत, पाणी फिरवणारं चाक लावून, चांगल्या दिवसांत चौरस मीटरमागे रोज ८-१० ग्रॅम वाळलेला माल सुटतो. म्हणजे दिवसाला फार तर किलोभर. तुमच्या तळ्यात दोन टन मासा असला आणि वजनाच्या २ टक्के खाद्य धरलं तर रोजचे ४० किलो झाले. त्यात हा एक किलो. एका किलोतली प्रथिनं साधारण ६०० ग्रॅम. तेवढी प्रथिनं दीड किलो शेंगदाणा ढेपेत मिळतात. तुमची बचत म्हणजे रोजची दीड किलो ढेप. त्यातून वीज, मजुरी, हप्ता काढा.

आता खर्चाची बाजू. स्पिरुलिनाला खारं, सोड्याचं पाणी लागतं. नेहमीच्या झारूक माध्यमात, म्हणजे हे शेवाळ वाढवायच्या ठरलेल्या मिश्रणात, लिटरला १६.८ ग्रॅम खाण्याचा सोडा पडतो. १०० चौरस मीटरमध्ये वीतभर पाणी म्हणजे २०,००० लिटर. पहिल्याच भरणीत तीन क्विंटलांवर सोडा. स्वस्त माध्यमं आहेत, तरी सोडा सुटत नाही. उघड्या टाकीत शेवाळ लिटरला अर्धा ते एक ग्रॅमच असतं, त्यामुळे एक किलो माल काढायला हजार-दोन हजार लिटर पाणी कापडातून गाळायचं, पिळायचं, शेवयांसारखं पाडून वाळवायचं. त्या पोलादी टाक्यांत लिटरला १०० ग्रॅम आणि वरही जातं. तेल परवडायला लागलंय ते त्यामुळे, उन्हामुळे नाही.

शिवाय आपला मे महिना. दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडालं तरी तुमच्या टाक्यांतून रोज हजार लिटर गेलं. ते विहिरीच्या पाण्यानं भरत राहिलात की क्षार साचत जातात.

कोराडी_निवृत्त | मंगळवार, सकाळी ९:१५

चर्चा उत्तम. एक वेगळा विचार मांडतो. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या धुरांड्यांतून अहोरात्र कार्बन डायऑक्साइड जातो. शेवाळाला तोच लागतो. भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीला येतंच, त्यात नायट्रोजन, फॉस्फरसही असणार. ऊन तर नागपूरला कोणाकडून मागायला नको. हे सगळं एका जागी असताना आपण नेब्रास्काची वाट का बघायची? आमच्या काळात यावर कोणी बोलत नव्हतं, आता निरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था गावात असताना हे व्हायला हवं.

तेलंगखेडी_तलाव | मंगळवार, सकाळी १०:३०

काका, कल्पना कागदावर फारच देखणी आहे, आणि सांडपाण्यावर शेवाळ वाढवून पाणी स्वच्छ करणं होतंही. अडचण आहे ती खाद्य म्हणून वापरण्यात. कोळशाच्या धुरात गंधक आहे, पाऱ्याचे अंश आहेत. सांडपाण्यात जडधातू आणि रोगजंतू. शेवाळ हे धातू आपल्यात ओढून घेतं, पाणी साफ करायला ते चांगलंच. पण तेच मग माशाच्या पोटात आणि माशातून ताटात. असलं शेवाळ खत, बायोगॅस यासाठी वापरायला माझी ना नाही. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत सांडपाण्यावर मासे पिढ्यान् पिढ्या वाढवतात, पण ते घरगुती सांडपाणी, उथळ तळ्यांत उन्हात मुरलेलं. औद्योगिक पाणी मिसळलं की तिथेही काळजी सुरू होते.

कोराडी_निवृत्त | मंगळवार, सकाळी १०:५२

पारा मान्य. खताचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही, त्यावर वेगळा धागा काढतो.

सई_आई | मंगळवार, दुपारी १:२०

मी नुसती खाणारी आहे, तळं-बिळं काही नाही. मंगळवारी बाजारातून रोहू-कटला आणते. तो बराचसा आंध्राचा, बर्फातला असतो. डॉक्टरांनी सासऱ्यांना ओमेगासाठी मासे सांगितलेत. तुमचं वाचून घाबरले, आपल्या रोहूत काहीच नसतं की काय? आणि कधी कधी माशाला जो मातकट वास येतो तो कशानं? कितीही हळद-मीठ लावा, जात नाही.

तेलंगखेडी_तलाव | मंगळवार, दुपारी ३:०५

ताई, घाबरू नका. सार्डिन-बांगड्याएवढं नसतं, पण असतं. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्याला एक कला येते जी समुद्री माशांना फारशी येत नाही: जवसासारख्या तेलातलं साधं ओमेगा-३ घेऊन ते थोड्या प्रमाणात लांब साखळीचं ईपीए-डीएचए बनवतात. वर तळ्यातलं प्लवक खातात, त्यातल्या डायटम जातीच्या शेवाळात ईपीए असतंच. नुसत्या कोंड्या-ढेपेवर पोसलेला मासा आणि हिरव्या पाण्यात चरलेला मासा यांच्यात म्हणून फरक पडतो.

मातकट वास निळ्या-हिरव्या शेवाळाचा. त्यातून जिओस्मिन नावाचं द्रव्य सुटतं, ते माशाच्या चरबीत मुरतं. हळदीनं जात नाही. काढणीनंतर मासा काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात उपाशी ठेवला की कमी होतो, पण ते करणार कोण? फुटाळा तलावावर उन्हाळ्यात जो हिरवा थर दिसतो तो बहुधा याच गोतावळ्यातला. सगळंच शेवाळ अमृत नाही. मायक्रोसिस्टिससारखी काही विषारीही आहेत.

झिंगा_हॅचरी | मंगळवार, रात्री ८:४४

नागपूरचाच, बरीच वर्षं नेल्लोरकडे कोळंबीच्या हॅचरीत, म्हणजे बीज केंद्रात, काढली. मंडळी, सूक्ष्म शेवाळाचं भविष्य-भविष्य काय म्हणताय, आमच्याकडे त्याच्यावाचून रोजची सकाळ होत नाही. कोळंबीचं पिल्लू अंड्यातून निघालं की आधी अंगातल्या बलकावर जगतं, पुढे झोइया अवस्थेत गेलं की त्याला खायला सूक्ष्म शेवाळच लागतं. किटोसेरॉस म्हणून डायटम. फ्लास्कमधून काचेच्या मोठ्या बरणीत, बरणीतून टाकीत असं वाढवत न्यायचं; पाणी चहासारखं तपकिरी झालं की समजायचं जमलं. एखाद्या रात्री एसी बंद पडला नाहीतर कोणी न धुतलेला हात घातला, की सकाळी सगळं फेसाळून खाली बसलेलं. मग पिल्लं उपाशी, आणि मॅनेजर कोणावर ओरडायचं ते शोधत फिरतो.

समुद्री माशांच्या बिजासाठी नॅनोक्लोरोप्सिस या शेवाळावर रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव वाढवतात. तिथे शेवाळाला पर्याय नाही, किंमतही कोणी विचारत नाही, कारण लागतं थोडं आणि त्यावर सगळी बॅच उभी असते. शेवाळ विकायचंच असेल तर हॅचरीला विका, पण हॅचरी समुद्राकाठी. उमरेडला नाही.

कळमना_रोड | मंगळवार, रात्री ९:१०

मंग नागपुरात शेवाळ खपते तरी कुठं? कोनी तरी घेतच असन.

झिंगा_हॅचरी | मंगळवार, रात्री ९:२६

शोभेच्या माशांना. गोल्डफिश, कोई यांचा रंग खुलवायला स्पिरुलिना घातलेलं खाद्य चालतं, डबीतून विकतात. बाजार लहान आहे, पण रोख आहे. कोणाला हौस असली तर छोटी टाकी घरच्या गच्चीवर करून बघावी, त्यासाठी कर्ज कशाला?

बर्गनकर | मंगळवार, रात्री ११:३०

थोडी दुसरी बाजू. कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठातल्या लोकांनी तिलापियाला फिशमील आणि मासळीचं तेल दोन्ही पूर्ण बंद करून शेवाळावर वाढवलं, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. नॅनोक्लोरोप्सिसमधून औषधी तेल काढून घेतल्यावर उरलेला चोथा प्रथिनांसाठी आणि शायझोकायट्रियम तेलासाठी. वाढ नेहमीच्या खाद्यापेक्षा चांगली आली. यातली गंमत चोथ्यात आहे. शेवाळाचा महागडा भाग माणसांच्या कॅप्सूलमध्ये जाणार आणि उरलेलं माशांना येणार. आपल्याकडे सरकीचं तेल निघून ढेप उरते, तसंच. धरणांतल्या पिंजऱ्यांत तिलापिया आणि पंगास वाढवतातच ना आता महाराष्ट्रात? त्या खाद्यात हे पोचायला वेळ लागणार नाही असं मला वाटतं.

तेलंगखेडी_तलाव | बुधवार, सकाळी ७:४०

चोथ्याचा मुद्दा पटला, पण चोथा यायला आधी तेलाचा कारखाना हवा, आणि कारखान्याला साखर हवी. महाराष्ट्रात साखर आहे, तिच्यावर डोळा ठेवून इथेनॉलवालेही बसलेत. २०२३ च्या डिसेंबरात केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉलवर एका आदेशात बंधनं आणली, तेव्हा ज्यांनी त्या भरवशावर पैसा घातला होता त्यांची काय धावपळ झाली ते आठवा. माशाच्या तेलासाठी साखर कोण राखून ठेवणार? माणसाच्या तोंडची साखर माशाला, हा प्रश्नही आहेच. आणि पिंजऱ्यातल्या पंगासला मासळीचं तेल फारसं लागतच नाही. त्याच्या खाद्यात शेवाळ घालून भाव वाढवला तर गिऱ्हाईक देईल का? आपलं गिऱ्हाईक किलोमागे दहा रुपयांवरून भोईपुऱ्याच्या मासळी बाजारात हुज्जत घालतं.

शिवाय पचनाचंही आहे. क्लोरेलासारख्या शेवाळाची पेशीभित्ती चिवट, ती यंत्रानं फोडल्याशिवाय माशाला नीट पचत नाही. फोडायला पुन्हा वीज.

माझं मत विचाराल तर रोहू-कटल्याच्या मुलखात शेवाळ पोत्यातून आणण्यापेक्षा तळ्यातच वाढवणं शहाणपणाचं. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत कोहळी लोकांनी बांध घातले ते धानासाठी, पण त्या पाण्यात ढिवरांनी पिढ्यान् पिढ्या मासळी काढली ती कसलंही खाद्य न टाकता. तिथला मासा शेवाळावर आणि शेवाळावर जगणाऱ्या किड्यांवरच वाढला. उत्पादन कमी येतं हे कबूल, खाद्य टाकल्याशिवाय एकराचं तळं कर्ज फेडणार नाही. पण शेणखत, चुना, सुपर फॉस्फेट जपून टाकून पाणी हिरवं ठेवलं तर ढेपेचा खर्च कमी होतो, आणि एकूण खर्चात खाद्यच निम्म्याहून जास्त असतं.

उमरेड_तळेवाला | बुधवार, रात्री ९:०५

पाणी हिरवं ठेवायचं ते किती? मागच्या पावसाळ्यानंतर खत टाकलं आणि पहाटे मासे वर तोंड काढायला लागले. घाबरून मोटर लावून पाणी सोडलं.

तेलंगखेडी_तलाव | बुधवार, रात्री ९:४८

शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तेच खेचतं. जास्त झालं की पहाटेच मासा गुदमरतो, ढगाळ हवेत तर हमखास. मोजायला सोपी रीत: सकाळी दहा-अकराला तळ्यात उतरा, हात कोपरापर्यंत सरळ खाली घाला, तळवा बघा. कोपर बुडायच्या आतच तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ फार आहे, खत आणि खाद्य दोन्ही थांबवा. कोपराच्या आसपास अंधुक होत असेल तर उत्तम. कोपर बुडूनही स्वच्छ दिसला तर पाणी भुकेलेलं आहे. मात्र पाणी गढूळ मातीचं नको, नाहीतर हा अंदाज चुकतो. आणि खत एकदम ओतायचं नाही, थोडं थोडं.

सई_आई | बुधवार, रात्री १०:१५

आणि ते ओमेगा? तळ्यातल्या माशात वाढवता येत नाही का काही करून? जवसाचं म्हणालात.

तेलंगखेडी_तलाव | बुधवार, रात्री १०:३७

ताई, येतं. चेक देशात तळ्यांत सायप्रिनस वाढवण्याची जुनी परंपरा आहे, तिथल्या दक्षिण बोहेमिया विद्यापीठानं जवस आणि मोहरीवर्गीय पेंडेच्या गोळ्या घालून ओमेगा-३ वाढवलेला सायप्रिनस बाजारात आणला. आपल्या विदर्भात जवस पिकतो, नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाच्या वाणांवर संशोधनही चालतं. सॅमनला जे शेवाळाच्या तेलातून द्यावं लागतं, त्याचा काही भाग रोहू स्वतः जवसातून करून घेतो. उमरेडवाले भाऊ, तुमच्या भावाला काही नवीन करायची उमेद असेल तर काढणीआधीचे काही आठवडे ढेपेत जवसाची ढेप थोडी मिसळून बघा म्हणावं. थोडीच, कच्च्या जवसात चिकट द्रव्य असतं आणि सायनाइड सोडणारे घटकही, जास्त झाली तर मासा खात नाही.

कळमना_रोड | बुधवार, रात्री १०:५५

जवसाची चटनी आन रोहूचा रस्सा एकाच ताटात, हे तं आमी कवाचं करून राह्यलो.

बर्गनकर | गुरुवार, पहाटे १:१०

जवसातून होणारं रूपांतर फार थोडं असतं, त्यावर फार भिस्त ठेवू नका. दहा वर्षांनी शेवाळाचं तेल स्वस्त झालं तर हाच धागा वर काढू.

तेलंगखेडी_तलाव | गुरुवार, सकाळी ७:३०

थोडं असतं हे मान्य. पण सॅमनएवढी गरजही रोहूला नाही. स्वस्त झालं तर पहिल्यांदा ते मरळीच्या आणि कोळंबीच्या खाद्यात येईल, रोहूच्या नाही. मरळ पक्की मांसाहारी, तिच्या गोळीत आजही फिशमील भरपूर लागतं, आणि जिवंत मरळीला भावही तसा मिळतो.

उमरेड_तळेवाला | गुरुवार, रात्री ८:२०

टाक्यांवाल्याला आज फोन करून लेखी करार मागितला. म्हणाला, साहेबांशी बोलून कळवतो. भाऊ जरा नरमलाय, पण मरळीचं वाचून आता त्याच्या डोक्यात मरळ शिरलीय. ते जाऊ द्या. सकाळी हात घालून बघितला, कोपर बुडायच्या बरंच आधी तळवा गायब. खाद्य आजपासून बंद केलं. पाणी तपासायला द्यायचं तर बाटली कधी भरू, सकाळी की दुपारी?

तेलंगखेडी_तलाव | गुरुवार, रात्री ८:३४

प्राणवायूसाठी पहाटे, उजाडायच्या आत, आणि शक्यतो तळ्यावरच मोजून घ्या. बाटलीत नेईपर्यंत आकडा बदलतो. शेवाळ कोणतं आहे ते बघायचं असेल तर दुसरी बाटली दुपारी, वाऱ्याच्या दिशेला साय जमते त्या कोपऱ्यातून भरा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. पृष्ठभागावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर असेल तर हात घालण्याआधी मला फोटो टाका.